टॉवेलखालचा सौदा

मंगळवारी सकाळी नऊ वाजता अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका लहान खासगी दवाखान्यात डोमाजी काळमेघ यांच्या उजव्या जांघेवर पहिला छेद घेतला गेला. डोमाजी पूर्ण जागे होते. त्यांनी छताकडे पाहत विचारलं, "सुरू झालं काय?"

"झालं," डॉ. उत्तमराव तायडे म्हणाले.

"मंग मले काहून समजलं नाही?"

"समजू नये म्हणूनच सुई दिली."

साल १९६३, महिना फेब्रुवारी. डोमाजी अंजनगाव सुर्जीच्या बैलबाजारातले दलाल. वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपासून त्यांचं हृदय दमलेलं होतं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. रात्री आडवं होता येत नसे म्हणून ते गाडीतली जुनी गादी पाठीशी घेऊन बसल्याबसल्या झोपत. अकोल्याचे डॉ. वामनराव देव त्यांना हृदयाच्या गोळ्या देत, अंगातलं पाणी उतरवायला अधूनमधून सुई टोचत आणि मीठ बंद करत. मीठ प्रत्येक वेळी बंद होई आणि प्रत्येक वेळी सुरू होई.

त्यात हर्निया झाला, आंत उतरायला लागली. दोन्ही जांघांत. डावीकडे थोडी, उजवीकडे जास्त. दिवाळीनंतर तेल्हाऱ्याच्या बाजारात उजवीकडची आंत उतरली ती परत जाईना. चार माणसांनी डोमाजींना बैलगाडीत घातलं आणि पाय वर, डोकं खाली असे उताणे धरले. तेव्हा आंत सरकली, पण धाप लागून डोमाजी निळे पडले. आंत सरळ व्हायची तर डोकं खाली, श्वास चालायचा तर डोकं वर. बाजारातल्या लोकांनी दोन्ही बाजूंनी ओढाताण केली आणि दोन्ही बाजूंचे लोक आपणच डोमाजींना वाचवलं असं आजही सांगतात.

डॉ. देव यांचं मत स्पष्ट होतं. "क्लोरोफॉर्म किंवा ईथर दिलं तर हा माणूस टेबलावरून उठणार नाही. पोट कापायचं नाव काढू नका. पट्टा बांधा."

डॉ. तायडे यांचं मतही स्पष्ट होतं. ते नागपूरला शिकून दोन वर्षांपूर्वी अमरावतीत आलेले, वयाने लहान, आवाजाने मोठे. "पुढच्या खेपेला आंत अडकून सडली तर ईथर द्यावंच लागेल, आणि तेव्हा ते खरंच उठणार नाहीत. म्हणून आत्ताच करायचं. बेशुद्ध करायचं नाही. तेवढीच जागा बधिर करायची, चार बोटांएवढा छेद घ्यायचा, बाकी शरीराला कळूही द्यायचं नाही."

दोघांचं हे बोलणं ट्रंक कॉलवर झालं. लाइन खराब असल्याने दोघेही ओरडत होते आणि दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या डोमाजींनी अमरावतीकडची बाजू पूर्ण ऐकली. फोन ठेवल्यावर त्यांनी डॉ. तायड्यांना एवढंच विचारलं, "अकोलेवाले काय मागून राहिले अन् तुमी काय देऊन राहिले?"

"हा सौदा नाही, डोमाजी."

"मंग एवढा वरडा कायले?"

अखेर डॉ. देव इतकंच म्हणाले की करायचं तर करा, पण नाडी धावली तर तिथेच थांबा. आणि डावी बाजू मला विचारल्याशिवाय उघडू नका. डॉ. तायड्यांनी ते मान्य केलं.

टेबलाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या, म्हणजे डोमाजींना अर्धं बसल्यासारखं राहता येईल. उजवं मनगट परिचारिका केशरबाईंच्या हातात, नाडीसाठी. डावा हात धरायला घरचं एक शांत माणूस हवं होतं. माणूस जागा आहे, तो घाबरला तर हृदयावर ताण येईल, असं डॉक्टरांचं म्हणणं.

पहिला मान पत्नी सत्यभामाबाईंचा होता. त्यांना आत नेलं, पाटावर बसवलं. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अवं, माह्यावर काही राग असन तं आत्ताच सांगून टाका!" केशरबाईंनी नाडीवरचं बोट न काढता दुसऱ्या हाताने दाराकडे खूण केली.

मग सत्यभामाबाईंचे भाऊ शेषराव बोडखे यांना आत घेतलं. तेल्हाऱ्याचे शेतकरी. शेषराव शांत आहेत याविषयी कोणालाच शंका नव्हती. ते बोलायचंच झालं तर आधी तंबाखू थुंकून यायचे, आणि इथे थुंकायला जागा नव्हती. त्यांनी हातपाय धुतले, तोंडावर फडकं बांधलं आणि मेव्हण्याचा हात हातात घेतला.

"घाबरू नका, भाऊजी."

"मी घाबरत नाही. तुह्या हाताले घाम काहून सुटून राहिला?"

शस्त्रक्रियेच्या जागी धूळ उडू नये म्हणून केशरबाईंनी दोघांच्या जुळलेल्या हातांवर एक स्वच्छ टॉवेल टाकला. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ या टॉवेलात आहे.

अंजनगावच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर दुपट्टा टाकतात आणि बोटांनी बोलतात. भोवतीच्या लोकांना फक्त चेहरे दिसतात, आणि चांगल्या दलालाचा चेहरा काहीच दाखवत नाही. विकणाऱ्याने आपल्या हाताने दुपट्टा काढला की सौदा पक्का. घेणाऱ्याने काढला की मोडला. त्यानंतर कोणी शब्द फिरवत नाही. फिरवला तर पुढच्या बाजारात त्याचा हात कोणी धरत नाही.

डोमाजींनी दुपट्ट्याखाली आयुष्य काढलं होतं. आणि शेषरावांना दीड वर्षापासून डोमाजींची घरची जोडी हवी होती. वजीर आणि नवाब, पांढरीशुभ्र गवळाऊ जातीची जोडी. डोमाजींनी दुसऱ्यांचे हजारो बैल विकले, पण हे दोन नाहीत. शेषराव दर खेपेला हात आणि दुपट्टा पुढे करत आणि डोमाजी दर खेपेला म्हणत, "हात बाजूले ठेव, चहा घे."

आता हात होता, हातावर कापड होतं आणि डोमाजींना उठून जाता येत नव्हतं.

पहिलं बोट कोणी हलवलं यावर एकमत नाही. शेषराव म्हणतात डोमाजींनी. डोमाजी म्हणतात, "माह्या हातात कोणी हात देल्ला अन् वरतून कापड टाकलं, तं बोट आपोआप चालते. थे माह्या ताब्यात नाही."

डॉ. तायडे खाली मान घालून काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं ते एवढंच, की रोगी फार छान शांत आहे. दर पाच मिनिटांनी ते विचारत, "केशरबाई, नाडी?"

"झकास आहे."

"डोमाजी, दुखतं का?"

"नाही. तुमी तुमचं करा." आवाज जरा घाईचा होता, मधे बोलू नका असं सांगणाऱ्या माणसाचा.

आंत जागेवर गेली आणि डॉक्टर आतले टाके घालू लागले तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "डॉक्टर, नाडी धावली."

डॉक्टरांनी हात थांबवले. "किती?"

"लय धावली. मधूनच एखादा ठोका सुटून राहिला."

डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम पुसायला कोणाचा हात मोकळा नव्हता. डोमाजींचे ओठ पांढरे पडले होते, नजर छतावर खिळलेली. शेषरावांचीही नजर छतावर होती.

"डोमाजी! छातीत काही होतंय?"

"थांबू नका," डोमाजी दातांवर दात धरून म्हणाले. "चालू द्या."

"मी विचारतोय छातीत..."

"बोलू नका ना, बाप्पा!"

आणि मग डोमाजींनी लांब श्वास सोडला. केशरबाई नाडी मोजत राहिल्या. "उतरली," त्या म्हणाल्या. "पयल्यासारखी झाली."

डॉक्टरांनी उरलेले टाके घातले, पट्टी बांधली. केशरबाईंनी हात धुतले आणि टेबल आवरताना इतर कपड्यांबरोबर तो टॉवेलही उचलून बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी शेषराव अंजनगावला गेले आणि डोमाजींच्या गोठ्यातून वजीर-नवाब सोडून तेल्हाऱ्याला घेऊन गेले. घरी सून होती. मामंजींनीच दिले, असं तिला सांगितलं; मामंजी दवाखान्यात, विचारणार कसं?

डोमाजींना ही बातमी चौथ्या दिवशी मिळाली. ती ऐकून ते उठून बसले. जांघेतले टाके, दमलेलं हृदय, सगळं सोसून आधाराशिवाय उठून बसले, आणि डॉ. तायड्यांनी ही प्रगती समाधानाने पाहिली.

"शेषरावले बलावा," डोमाजी म्हणाले.

शेषराव आले. ओसरीवर तंबाखू थुंकून मग आत आले.

"काहो साळेबुवा, बैलं कोणाले विचारून नेले?"

"तुमालेच. टेबलावर. भाव जुळला, तुमी हात दाबला."

"मले भूल देल्ली होती. भूल देल्लेल्या माणसाचा सौदा असते काय?"

डॉ. तायडे शेजारच्या खाटेवरचा रोगी तपासत होते. ते तिथूनच वळले. "भूल? कसली भूल? मी एक थेंबसुद्धा भूल दिली नाही. फक्त जांघ बधिर केली होती. तुमचं डोकं माझ्या डोक्याइतकं साफ होतं. हीच तर या ऑपरेशनची गोष्ट आहे!"

"डॉक्टरसाहेब, तुमी मधात नका पडू."

"मधात कसा पडणार नाही? उद्या तुम्ही बाजारात सांगाल की डॉक्टरने भूल दिली. अकोल्यापर्यंत जाईल ते. पूर्ण शुद्धीत होता तुम्ही. कोणीही विचारू दे, मी सांगतो."

"पाहा," शेषराव म्हणाले.

डोमाजींनी डॉक्टरांकडे पाहिलं. ज्याने जीव वाचवला त्यानेच बैल घालवले, असा तो हिशेब होता. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. "बरं. शुद्धीत होतो. पण टॉवेल कोणी काढला? म्या काढला काय?"

शेषरावांची नजर दाराकडे गेली.

"केशरबाईनं काढला. मंग सौदा कसा पक्का झाला?"

"अवो, पण थो तं मोडलाबी नाही ना. म्याबी नाही काढला."

केशरबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मले काय माहीत बाई! मले धुवाले टाकाचा होता."

अंजनगावच्या बाजारात याच्यावर दोन आठवडे पंचायत चालली. जुने दलाल मोतीराम यांनी निकाल दिला की तिसऱ्याने कापड काढल्याचा प्रसंग त्यांच्या हयातीत घडलेला नाही, तेव्हा विकणाऱ्याने स्वतः सांगावं: टॉवेल निघाला तेव्हा मन जुळलं होतं की नव्हतं? डोमाजी जे म्हणतील ते खरं. डोमाजींनी विचार करायला वेळ मागितला. तो त्यांनी पावसाळा संपेपर्यंत घेतला. पोळ्याला वजीर-नवाब तेल्हाऱ्याच्या तोरणाखाली सर्वांत पुढे होते, हे त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं.

उजवी बाजू बरी झाली. पाय कमी सुजू लागले, कारण सत्यभामाबाईंनी मिठाची बरणी कुलपात ठेवली. पण दसऱ्याच्या सुमाराला डावी बाजू उतरली. एकदा अडकून परत गेली. डॉ. तायड्यांनी बोटाने तपासून सांगितलं, "आता ही थांबणार नाही. दिवाळीनंतर करून टाकू. आधी डॉ. देवांची संमती आणा. मी शब्द दिलाय."

डोमाजी आणि सत्यभामाबाई अकोल्याला गेले. डॉ. देव यांनी नळी छातीला लावली, पाय दाबून पाहिले, चष्मा काढला.

"पहिलं ऑपरेशन पार पडलं याचा मला आनंद आहे. पण मधेच नाडी धावली होती. ठोके सुटत होते. तायडे म्हणतात काही विशेष नाही. मी म्हणतो, त्या वेळी तुमचं हृदय बंद पडायला आलं होतं आणि नशिबाने पडलं नाही. एकदा नशीब, दुसऱ्यांदा नाही. मी संमती देणार नाही."

"थे हृदयानं नोयती धावली," डोमाजी म्हणाले.

"मग कशाने?"

डोमाजींनी बायकोकडे पाहिलं. "शेषरावनं जो भाव देल्ला ना, थ्यानं. एवढा कमी भाव देल्ला का दगडाचीबी नाडी धावन."

डॉ. देव यांना सगळा प्रकार सुरुवातीपासून सांगावा लागला. त्यांनी तो न हसता ऐकला. ते रोगाचं वर्णन ऐकावं तसं ऐकत होते आणि मधे दोनदा थांबवून विचारत होते: हात कोणता? कापड जाड की पातळ?

"म्हणजे राग आला म्हणून नाडी धावली."

"हो जी."

"हे पटण्यासारखं आहे. रागाने नाडी धावते. त्यात ऑपरेशनचा दोष नाही." डोमाजींचा चेहरा उजळला. "पण मग ती उतरली कशाने?"

डोमाजी सदऱ्याच्या गुंड्या लावू लागले.

"ऑपरेशन तर चालूच होतं. शेषरावांचा हातही हातात होता. राग आलेला माणूस एका श्वासात शांत होत नाही. काहीतरी मिटलं असेल तरच होतो. भाव वाढवला का त्यांनी?"

डोमाजी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. चेहरा बाजारातला, काही न दाखवणारा. भाव वाढवला आणि आपलं मन जुळलं असं म्हटलं तर बैल कायमचे गेले. जुळलं नाही म्हटलं तर नाडी उतरायला कारण उरत नाही, मग ती हृदयाचीच खोड ठरते, आणि डावी आंत कधी अडकेल त्याची वाट पाहत बसायचं.

"विचार कराले वेळ पायजे," ते म्हणाले.

"घ्या ना," सत्यभामाबाई म्हणाल्या. "वर्षभर घ्या. तवरक आंत वाट पाहीन. अवं, बैल बैल काय करून राहिले? मले बैलासंग संसार कराचा हाय काय?"

"तू चूप राह्य."

"नाही राहत! दादानं नेले तं माह्या माहेरीच हायेत ना बैलं! तुमी गेले तं कोन्या माहेरी पाहाले येऊ?"

डॉ. देव यांनी पुढच्या रोग्याला थांबायला सांगितलं. डोमाजींनी धोतराचा सोगा हातावर ओढला, जणू तिथेही कोणाशी बोटांनी बोलायचं होतं, आणि मग तो स्वतःच्या हाताने बाजूला केला.

"जुळलं होतं," ते म्हणाले.

डॉ. देव यांनी संमती दिली, दोन अटींवर. नाडी ते स्वतः धरतील, त्यासाठी अमरावतीला येतील. आणि या वेळी कोणाचाही हात डोमाजींच्या हातात असणार नाही. "राग नाही, सौदा नाही, तरी नाडी नीट राहिली, तर मी माझे बाकीचे रोगीही तायड्यांकडे पाठवीन. तेल्हाऱ्याचे दोघं थांबलेत माझ्याकडे, असेच दमलेल्या हृदयाचे."

डॉ. तायड्यांना ही अट फार आवडली. पहिल्या ऑपरेशनचं श्रेय अंजनगावात त्यांना नाही, टॉवेलखालच्या सौद्याला मिळालं होतं. एक रोगी तर येताना आपला दलाल बरोबर घेऊन आला होता.

अडचण डोमाजींकडून आली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी टेबलाखाली विटा लागल्या, डॉ. देव हात धुऊन तयार उभे राहिले, आणि डोमाजी ओसरीवरच्या बाकावर बसून राहिले.

"शेषराव आत येत असन तं मी येतो."

"अट ठरली आहे," डॉ. देव म्हणाले.

"तुमची ठरली. माही नाही ठरली."

"कशाला हवेत ते?"

"मले भेव वाटते."

हे वाक्य डोमाजींच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉ. देव यांनी डॉ. तायड्यांकडे पाहिलं. भीतीने धावणारी नाडी घेऊन छेद घेणं दोघांनाही नको होतं. डॉ. देव म्हणाले, "ठीक. येऊ द्या. पण हात वर, सगळ्यांना दिसतील असे. कापड नाही."

शेषराव तंबाखू थुंकून आले. ते आत जाण्याआधी सत्यभामाबाईंनी भावाला बाजूला घेतलं. "दादा, खरं सांग. थे तुह्याशी काही बोलले काय?"

"काल इचारलं त्याईनं."

"काय?"

"वजीर-नवाब इकतो काय म्हणून."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्या म्हटलं, हात बाजूले ठेवा, चहा घ्या."

नऊ वाजता डाव्या बाजूचा पहिला छेद घेतला गेला. उजवं मनगट डॉ. देव यांच्या हातात, डावा हात शेषरावांच्या हातात, दोन्ही उघडे. पहिला अर्धा तास नाडी घड्याळासारखी चालली आणि डॉ. देव यांनी, कोणी विचारलेलं नसताना, "उत्तम," असं दोनदा म्हटलं.

त्यानंतर केशरबाईंना डाव्या हातावर टॉवेल दिसला. तो कोणी टाकला ते त्यांना माहीत नाही. शेषरावांचा एक हात अडकलेला होता आणि दुसरा त्यांनी छातीशी बांधला होता. डोमाजींनी दातांनी ओढला असावा, असा त्यांचा अंदाज.

या वेळी विकणारे शेषराव आहेत. टॉवेल त्यांनी काढला तरच सौदा पक्का.

दहाला थोडा वेळ असताना केशरबाई उकळतं पाणी न्यायला बाहेर आल्या, तेव्हा दाराशी बसलेल्या सत्यभामाबाईंना त्यांनी सांगितलं ते असं: आंत जागेवर गेली आहे, शेवटचे टाके बाकी आहेत. नाडी धावायला लागली आहे. डॉ. तायडे विचारतात थांबू का, डॉ. देव म्हणतात एक मिनिट. आणि टॉवेल अजून कोणी काढलेला नाही.